ग्लिसरिनमधलं डीईजी, पीएलएस मॉडेल आणि तीन वेगवेगळे एलओडी: खरा कुठला धरायचा?

रबाळे_क्यूसी

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी चार वर्षं काम करते. प्रश्न लांब आहे, कारण आकडे दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

आमच्याकडे औषधांसाठीच्या ग्लिसरिनचे नमुने येतात, ड्रमगणिक एक. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, ०.१० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातली) चाचणी जीसीवरची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची आहे आणि ती आम्ही करतोच. पण जीसी एकच आहे, आणि एखाद्या दिवशी साठ-सत्तर नमुने येऊन पडतात. म्हणून ठरलं की आधी एफटीआयआरवर (नमुना इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो त्याचा स्पेक्ट्रम देणारं मशीन) एटीआर, म्हणजे थेंब ठेवायचा क्रिस्टल, लावून सगळे नमुने चाळायचे आणि संशय येईल ते त्याच दिवशी जीसीला पुढे घ्यायचे, बाकीचे रांगेने.

स्पेक्ट्रममधल्या एका पीकवर, म्हणजे एका शिखरावर, हे जमत नाही. ग्लिसरिन आणि डीईजी दोघांचेही सी-ओचे पट्टे ९०० ते ११५० वेव्हनंबरच्या आसपास एकमेकांवर चढलेले आहेत. त्यातून पाणी. ग्लिसरिन हवेतली ओल ओढतं, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे ओलीला तोटा नाही. म्हणून पीएलएस केलं, म्हणजे सगळा स्पेक्ट्रम एकत्र घेऊन प्रमाण सांगणारं सांख्यिकी मॉडेल. डीईजी ० ते २ टक्के, अशी ३० मिश्रणं वजनाने बनवली, प्रत्येकाचे तीन स्कॅन. सॉफ्टवेअरने नऊ फॅक्टर (मॉडेल स्पेक्ट्रममधून वेगळे काढतं ते घटक) सुचवले, ते घेतले.

आता एलओडी, म्हणजे पद्धतीला खात्रीने ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण, काढायला बसले, तर तीन रस्त्यांनी तीन उत्तरं आली.

११२० जवळच्या पीकची उंची घेऊन नेहमीचं सूत्र लावलं, ३.३ गुणिले प्रमाण विचलन भागिले चढ. आलं ०.६ टक्के.

पीएलएसमधून ब्लँकचे, म्हणजे डीईजी नसलेल्या नमुन्याचे, दहा स्कॅन घेतले, त्यांच्या उत्तरांचं प्रमाण विचलन ०.०११. त्याला ३.३ ने गुणलं, आलं ०.०३६.

खरं विरुद्ध मॉडेलने सांगितलेलं, असा आलेख काढून त्यावर सरळ रेष बसवली. चढ ०.९८, रेषेभोवतीचं विचलन ०.०८. त्यातून ०.२७.

एकच पद्धत, एकच मशीन, आणि ०.०४ पासून ०.६ पर्यंत काहीही लिहिता येतंय. आमच्या सरांचं म्हणणं ०.०४ लिहू, सगळ्यात चांगला तोच आहे. मला तो लिहायचा धीर होत नाही. मागच्या आठवड्यात मी स्वतः ०.०८ टक्के डीईजी घातलेला नमुना मॉडेलने ०.०२ सांगितला. मग ०.०४ चा अर्थ काय? एकापेक्षा जास्त घटक एकत्र मोजणाऱ्या कॅलिब्रेशनमध्ये एलओडी काढायची मान्य रीत कुठली?

कळवा_केम

आमच्याकडे सरळ आरएमएसईसीव्हीच्या (क्रॉस व्हॅलिडेशनमधली, म्हणजे काही नोंदी बाहेर ठेवून मॉडेल तपासताना येणारी, सरासरी चूक) तिप्पट घेतात. सॉफ्टवेअर तो आकडा देतंच, वेगळं काही करावं लागत नाही. तुमचा किती येतोय?

रबाळे_क्यूसी

०.०५. म्हणजे तिप्पट केलं तर ०.१५. चौथं उत्तर झालं.

नौपाडाकर

मी निवृत्त आहे. पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पहिली काही वागळे इस्टेटला आणि बाकीची खाडीपलीकडच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात. उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमचा नमुना ग्लिसरिनचा आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आजाराच्या रुग्णांना ग्लिसरिन दिलं गेलं आणि त्यात डीईजी होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन चौदा माणसं गेली. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. मला तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती. ठाण्याहून रोज सकाळी पेपर वाचत लॅबला जायचो आणि तिथे पोचून ग्लिसरिनचं विशिष्ट गुरुत्व आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स घ्यायचो. हातातल्या बाटलीत थोडं डीईजी असतं तर या दोन आकड्यांतून मला कळलं असतं का, हा प्रश्न त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पडला. एलओडी म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर. म्हणून तुम्हाला ०.०४ लिहायचा धीर झाला नाही हे वाचून बरं वाटलं. तो धीर करू नका.

आता मुद्द्याचं. तुमचे चारही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळा प्रश्न सोडवलाय.

मुळापासून घेऊ. ३.३ कुठून आला? रसायनशास्त्रज्ञ लॉइड क्युरी यांनी १९६८ मध्ये हे स्वच्छ मांडलं. चुका दोन प्रकारच्या: नसताना 'आहे' म्हणणं आणि असताना 'नाही' म्हणणं. पहिली चूक शंभरात पाचवर ठेवायची तर शून्यापासून १.६४५ प्रमाण विचलनांवर एक रेघ मारावी लागते. ती निर्णयाची रेघ. आता ज्या नमुन्यात बरोबर तेवढंच डीईजी आहे, त्याची उत्तरं त्या रेघेच्या निम्मी वर पडणार, निम्मी खाली. म्हणजे दर दोनदा एकदा तो सुटणार. दुसरी चूकही शंभरात पाचवर आणायची तर आणखी १.६४५ पुढे जावं लागतं. दोन्ही मिळून ३.२९. तिथे एलओडी. आपल्याकडे ३.३ पाठ असतो, पण त्यात दोन पावलं आहेत आणि त्यांतलं दुसरं पाऊल विषासाठी आहे, हे शिकवलं जात नाही.

दुसरं, हे सगळं 'शून्याजवळच्या विचलनावर' उभं आहे. तर तुमचं शून्य काय होतं? दहा स्कॅन कसे घेतलेत? माझा अंदाज असा की एकाच एआर ग्रेडच्या बाटलीतला थेंब क्रिस्टलवर ठेवला आणि न हलवता दहा वेळा बटण दाबलं. तसं असेल तर ०.०११ हा फक्त डिटेक्टरचा नॉइज आहे. नमुना पुसून पुन्हा लावण्यातला फरक त्यात नाही, दुसऱ्या दिवसाचा नाही, दुसऱ्या लॉटचा नाही, पाण्याचा नाही. एका पीकच्या पद्धतीत हे कसंबसं खपतं. पीएलएसमध्ये खपत नाही, कारण इथे ब्लँक एक नसतो. 'डीईजी नसलेलं ग्लिसरिन' या वर्णनात हजार वेगवेगळे नमुने बसतात आणि मॉडेल त्या प्रत्येकाशी वेगळं वागतं.

ते का, हे सांगतो. लॉर्बर यांनी १९८६ मध्ये एक कल्पना मांडली, तिला मी निव्वळ संकेत म्हणतो. डीईजीच्या स्पेक्ट्रममधला बराचसा आकार ग्लिसरिन आणि पाणी आपापसांत जुळवून उभा करू शकतात. तेवढा भाग मॉडेलच्या उपयोगाचा नाही, कारण तो कुणाचा हे ओळखता येत नाही. त्यांना कुठल्याही प्रमाणात मिसळून जो उभा करता येत नाही तेवढाच उरलेला तुकडा डीईजीचा स्वतःचा. मॉडेल मोजतं ते त्या तुकड्यावर. तुकडा जितका लहान, तितकी पद्धतीची संवेदनशीलता कमी. आकड्यात काढायला सोपं आहे: पीएलएसने दिलेल्या रिग्रेशन गुणकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या, आणि एकला त्याने भागा. ही तुमच्या पद्धतीची संवेदनशीलता, पीकच्या चढाच्या जागी.

यावरून दोन गोष्टी कळतात. पीकच्या उंचीचा ०.६ एवढा वाईट आला कारण त्यात पाण्याची आणि लॉटची सगळी हालचाल डीईजीच्या नावावर जमा झाली. आणि नऊ फॅक्टर घेतलेत ते मला खटकतात. फॅक्टर वाढवले की गुणकांचा आलेख दातेरी होतो, त्यांची बेरीज फुगते, आणि तेवढ्याच नॉइजला मॉडेल जास्त घाबरतं. गुणकांचा आलेख एकदा उघडून बघा. ओळखीच्या पट्ट्यांसारखा दिसतोय की करवतीसारखा?

आरएमएसईसीव्हीच्या तिपटीबद्दल: ते करू नका. तो शून्यापासून दोन टक्क्यांपर्यंतच्या चुकांचा सरासरी आकडा आहे, आणि आपल्याला हवीय शून्याजवळची चूक. खरं-विरुद्ध-मॉडेल या रेषेचाही तोच दोष. ती रीत मुळात चुकीची नाही, आयएसओ ११८४३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत ती पीएलएसला लावतात. पण त्यासाठी नमुने मर्यादेच्या आसपासचे हवेत. तुमच्या रेषेचं ०.०८ बहुतेक दीड-दोन टक्क्यांवाल्या नमुन्यांनी आणलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये एक स्कॅन बाहेर काढत होतात की एक नमुना?

रबाळे_क्यूसी

काका, एक स्कॅन. आत्ता लक्षात आलं. त्याच नमुन्याचे उरलेले दोन स्कॅन मॉडेलमध्ये बसलेलेच होते.

आणि हो, दहा स्कॅन अगदी तुम्ही म्हणालात तसेच घेतले होते. थेंब न हलवता.

वाशी_स्टॅट

मी रसायनशास्त्राचा नाही, संख्याशास्त्र शिकवतो. नौपाडाकरांनी पाया घातलाच आहे, त्यावर मी गणिताचा पुढचा मजला देतो.

२०१४ मध्ये अलेग्रिनी आणि ऑलिव्हिएरी यांनी पीएलएससाठी एलओडीचं सूत्र दिलं, ते आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येला धरून आहे. शून्याजवळच्या उत्तराची अनिश्चितता तीन ठिकाणांहून येते. पहिली, आज मोजत असलेल्या नमुन्याच्या स्पेक्ट्रमचा नॉइज भागिले संवेदनशीलता. दुसरी, हाच नॉइज कॅलिब्रेशनच्या स्पेक्ट्रममध्येही होता, तो लिव्हरेजने (खाली सांगतो) गुणून येतो. तिसरी, कॅलिब्रेशनची मिश्रणं वजन करताना झालेली चूक, तीही लिव्हरेजने गुणून. तिन्हींच्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ, गुणिले ३.३.

लिव्हरेज म्हणजे हा नमुना तुमच्या कॅलिब्रेशनच्या मध्यापासून किती लांब आहे त्याचं माप. माझं लहानपण जुन्या चाळीत गेलं. टाकीजवळच्या घरात नळ जोरात, शेवटच्या घरात बादली भरायला वीस मिनिटं. लाइन एकच, टाकी एकच. तसं मॉडेल एकच असलं तरी मध्याजवळच्या नमुन्याला त्याचा भरवसा जास्त मिळतो आणि टोकाच्या नमुन्याला कमी. आणि डीईजी शून्य असलेले सगळे नमुने एका जागी बसत नाहीत. एकात पाणी अर्धा टक्का, दुसऱ्यात साडेतीन. दोघांचं लिव्हरेज वेगळं, म्हणून दोघांचा एलओडी वेगळा. म्हणून या दोघांनी एक आकडा न देता पट्टा दिला: सगळ्यात कमी लिव्हरेजच्या ब्लँकचा एलओडी आणि सगळ्यात जास्त लिव्हरेजच्या ब्लँकचा.

कमीत कमी लिव्हरेज हाताने निघतं: कॅलिब्रेशनमधल्या डीईजीच्या सरासरीचा वर्ग भागिले सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, अधिक एक भागिले नमुन्यांची संख्या. जास्तीत जास्तसाठी प्रत्येक कॅलिब्रेशन नमुना घेऊन विचारायचं, यातलं डीईजी काढून घेतलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर हा कुठे बसला असता? त्यांतलं सगळ्यात मोठं लिव्हरेज घ्यायचं.

एक सावधगिरी. डेरिव्हेटिव्ह किंवा स्मूदिंग केलं असेल तर शेजारशेजारच्या वेव्हनंबरांचा नॉइज एकमेकांना बांधला जातो. एटीआरमध्ये थेंब पुन्हा लावल्यावर सगळी बेसलाइन एकदम हलते, तिथेही तेच. अशा वेळी 'नॉइज भागिले संवेदनशीलता' हे सोपं रूप फसवतं. त्याऐवजी पुसून-लावून घेतलेले पंधरा-वीस स्कॅन मॉडेलमधून काढा आणि उत्तरांचं विचलन थेट घ्या. गुणकांमधून जाऊन जो काही नॉइज उत्तरात पोचतो तो त्यात आपोआप येतो.

ताई, हे आकडे द्या: कॅलिब्रेशनची सरासरी, फरकांच्या वर्गांची बेरीज, पुसून-लावून आलेलं विचलन, वजनाची अनिश्चितता.

रबाळे_क्यूसी

तीन दिवस लागले. नमुना बाहेर काढून क्रॉस व्हॅलिडेशन पुन्हा केलं. आरएमएसईसीव्ही ०.०५ चा ०.०८ झाला आणि फॅक्टर नऊवरून पाचवर आले. नऊचा गुणकांचा आलेख करवतीसारखाच होता. पाचचा बघितल्यावर त्यात डीईजीचे पट्टे ओळखू येतात.

सरासरी १.० टक्का. वर्गांची बेरीज १०.४. नमुने ३०. शून्य डीईजीवर, दरवेळी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने क्रिस्टल पुसून नवा थेंब लावून वीस वेळा घेतलं, विचलन ०.०२६. वजनाची अनिश्चितता ०.०१ टक्का धरली. लिव्हरेज काढायची फाइल तुम्हाला निरोपातून पाठवलीय.

वाशी_स्टॅट

कमीत कमी लिव्हरेज ०.१३, जास्तीत जास्त ०.६२. जास्तवाला तुमचा सगळ्यात पाणीदार नमुना आहे.

खालचं टोक: ०.०२६ चा वर्ग गुणिले १.१३, अधिक ०.०१ चा वर्ग गुणिले ०.१३. वर्गमूळ ०.०२८. एलओडी ०.०९२.

वरचं टोक: त्याच रीतीने १.६२ आणि ०.६२ घेऊन वर्गमूळ ०.०३४. एलओडी ०.११२.

वजनाच्या चुकीचा वाटा नगण्य आहे. सगळं दुखणं थेंब लावण्यात आणि पाण्यात आहे.

रबाळे_क्यूसी

म्हणजे ०.०९ ते ०.११, आणि मर्यादा ०.१० बरोबर त्याच्या मधे. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "खालचं टोक लिहू, ०.०९, मर्यादेच्या आत आहे." मी म्हटलं जरा थांबा. काका, आता काय करायचं?

नौपाडाकर

खालचं टोक लिहायचं तर येणारा प्रत्येक ड्रम कोरडाच असेल असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. नवी मुंबईच्या जुलैत ते कोण देणार? वरचं टोक लिहा.

पण एलओडी लिहून काम संपत नाही. तुम्हाला रोज निर्णय घ्यायचाय: हा ड्रम रांगेत ठेवायचा की आजच जीसीला पाठवायचा. त्यासाठी उलटीकडून या. समजा ड्रममध्ये खरोखर ०.१० आहे. तो शंभरातून पाचपेक्षा जास्त वेळा सुटू नये, तर रेघ ०.१० वजा १.६४५ गुणिले ०.०३४, म्हणजे ०.०४४ वर मारावी लागेल. त्या रेघेवर शुद्ध ग्लिसरिनचेही शंभरात दहा ड्रम अडकतील. ते परवडेल. पण विषाच्या बाबतीत शंभरात पाच सुटणं मला पटत नाही. एकावर आणलं तर रेघ ०.०२१ वर येते, आणि मग शुद्धपैकी सत्तावीस ड्रम जीसीकडे धावतात. चाळणीचा अर्थच राहत नाही.

म्हणून रेघ सरकवण्याआधी विचलन खाली आणा. माझ्या मते तीन ठिकाणी हात घालता येईल.

कॅलिब्रेशन दोन टक्क्यांपर्यंत का नेलंत? निर्णय ०.१० वर आहे. अर्ध्या टक्क्यावर थांबा, आणि अर्ध्याहून जास्त नमुने ०.२ च्या खाली ठेवा. दोन टक्के डीईजीचा ड्रम आला तर तो मॉडेलबाहेर पडूनही आरडाओरडा करेलच, त्याला बारीक मोजायची गरज नाही.

प्रत्येक नमुन्याचे तीन वेगळे थेंब लावा आणि सरासरी घ्या, कॅलिब्रेशनलाही आणि रोजच्या कामालाही. एका थेंबाचे तीन स्कॅन नव्हेत. ग्लिसरिन दाट असतं, थेंबाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर डोळ्याला दिसतही नाही. तीन थेंबांनी विचलन साधारण १.७ पटीने खाली येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाणी मुद्दाम घाला. अमेरिकन फार्माकोपिया ग्लिसरिनमध्ये पाच टक्क्यांपर्यंत पाणी चालवते. मग कॅलिब्रेशनमध्ये शून्यापासून पाच टक्क्यांपर्यंत पाणी असलं पाहिजे, आणि ते डीईजीच्या बरोबरीने वाढता-घटता कामा नये. नाहीतर मॉडेल पाण्यालाच डीईजी समजायला शिकेल. जमतील तेवढे वेगवेगळे लॉट वापरा, वेगवेगळ्या उत्पादकांचे. जुने राखून ठेवलेले नमुने तुमच्याकडे असतीलच.

सगळं झालं की ज्या लॉटांनी मॉडेल बनवलं नाही असे दहा-बारा लॉट ब्लँक म्हणून चालवा. सूत्राला नॉइज कळतो आणि लिव्हरेज कळतं. एखाद्या लॉटमध्ये असं काही असेल जे मॉडेलने कधी पाहिलंच नाही, तर ते सूत्राला कळत नाही. ते फक्त खरे ब्लँक सांगतात.

कळवा_केम

हे वाचून आमची आरएमएसईसीव्हीवाली फाइल उघडली. आमच्याकडेही स्कॅनच बाहेर काढलेत. सोमवारी पुन्हा करतो.

ऑडिटमध्ये कुणी पीएलएसवर आडवं लावलं तर एक सांगा: औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम जुळवणाऱ्या आयसीएचच्या क्यू२ या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती, नोव्हेंबर २०२३ ची, बहुचल (पीएलएससारख्या) पद्धतींच्या व्हॅलिडेशनबद्दलही बोलते. आमच्याकडे मागच्या वेळी तो मुद्दा उपयोगी पडला.

रबाळे_क्यूसी

पाच आठवड्यांनी लिहितेय. मधे ट्रान्स-हार्बर लोकल दोन दिवस पाण्यात होती आणि एसी बंद पडला म्हणून आठवडाभर एफटीआयआरला हातही लावला नाही, नाहीतर आधीच लिहिलं असतं.

नवं कॅलिब्रेशन ३६ मिश्रणांचं, डीईजी ० ते ०.५, पाणी अर्ध्या टक्क्यापासून पाचपर्यंत, सात लॉट. तीन थेंबांची सरासरी. त्यावर शून्याजवळचं विचलन ०.०१५. लिव्हरेज ०.०८ ते ०.३०. वाशीच्या सरांच्या सूत्राने, वजनाचा नगण्य वाटा सोडून, एलओडीचा पट्टा ०.०५१ ते ०.०५६ आला. मी इतकी खूश झाले की रात्री घरी जाताना ऐरोलीला उतरायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी बारा नवे लॉट ब्लँक म्हणून चालवले. जीसीवर सगळ्यांत डीईजी नाही हे आधी बघून घेतलं होतं. त्यांच्या उत्तरांचं विचलन ०.०२४ आलं. ०.०१५ नव्हे. काका, तुम्ही म्हणाला होतात तेच. लॉटालॉटांत काहीतरी आहे जे सात लॉटांनी मॉडेलला दाखवलं नाही. ०.०२४ धरून एलओडी ०.०८ होतो. रिपोर्टमध्ये ०.०८ लिहिलाय, आणि खाली सूत्राचा पट्टा आणि बारा लॉटांचं विचलन दोन्ही वेगवेगळं दिलंय, म्हणजे पुढे बघणाऱ्याला आकडा कुठून आला ते कळेल.

रोजची रेघ ०.१० वजा २.३२६ गुणिले ०.०२४, म्हणजे ०.०४४. शंभरात एक सुटेल या हिशेबाने. शुद्ध ग्लिसरिनचे शंभरात तीन-चार ड्रम अडकतील, तेवढे जीसी सहज झेपतात. सुटलेले ड्रमही नंतर रांगेने जीसीला जातातच, ते आम्ही बंद केलेलं नाही. ०.१० टक्के डीईजी घातलेले वीस नमुने सहकाऱ्याकडून बनवून घेतले, मला न सांगता रोजच्या नमुन्यांत मिसळून. वीसही पकडले गेले. सर मान्य झाले. ०.०४ वाला मसुदा त्यांनी स्वतः रद्द केला.

एक प्रश्न उरलाय. काल दोन ड्रमांची उत्तरं ०.०१ आणि ०.०३ आली, म्हणजे रेघेच्या खाली, पण सॉफ्टवेअर दोन्हींचा उरलेला स्पेक्ट्रम, म्हणजे मॉडेलला न जुळलेला भाग, खूप मोठा दाखवतंय. हे पास धरायचे का?

नौपाडाकर

नाही. उरलेला स्पेक्ट्रम मोठा म्हणजे त्या ड्रममध्ये मॉडेलला न ओळखता येणारं काहीतरी आहे. अशा नमुन्याला तुमचा एलओडी लागूच होत नाही, मग आकडा ०.०१ येवो की शून्य. एसओपीत, म्हणजे लिखित कार्यपद्धतीत, लिहून ठेवा: उरलेला स्पेक्ट्रम मर्यादेबाहेर असेल तर उत्तर न वाचता जीसी. आणि त्या दोन्हींचं पाणीही कार्ल फिशर चाचणीवर बघा.

वाशी_स्टॅट

सहमत. लिव्हरेज ०.३० च्या वर जाणाऱ्या नमुन्यांनाही तोच नियम लावा. तुमचा पट्टा तिथपर्यंतच काढलेला आहे.

रबाळे_क्यूसी

दोन्ही नियम एसओपीत घातले. जीसी आज आलं, दोन्ही ड्रमांत डीईजी नाही. पण एकात पाणी ६.१ टक्के निघालं, म्हणजे तो तसाही नापास. दुसऱ्यात पाणी २.३, सगळं ठीक दिसतंय, तरी स्पेक्ट्रम १७४० जवळ उचललेला आहे. फॅटी अॅसिडचा एस्टर असावा असं वाटतंय. त्या लॉटचा नमुना राखून ठेवलाय, पुढच्या कॅलिब्रेशनमध्ये आठवा लॉट म्हणून तोच घेणार.